एकोणिसावा फॉर्म

माणसाला नेमकं काय हवं आहे, हे त्याला विचारल्याशिवाय त्यालाही कळत नाही, असं टिपणकाकांचं ठाम मत होतं. आणि विचारावं तर आपणच, हेही. सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. कंपनीत नवं काही काम निघालं की आधी टिपणकाका वही घेऊन बाहेर पडायचे, त्या कामाशी ज्याचा ज्याचा संबंध त्याला एकेकटं गाठायचे, आणि कोणाला काय हवं, काय नको, कशावाचून अडेल याची यादी करून साहेबांपुढे ठेवायचे. साहेब ती यादी न वाचता आपल्याला हवं तेच करायचे, ही गोष्ट वेगळी. टिपणं काढायचे म्हणून ते टिपणकाका. त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण हजेरी बोटाच्या ठशावर लागायला लागल्यापासून तेही कोणी वाचत नव्हतं.

कंपनी लिफ्ट दुरुस्त करायची. कुठे कोणी दोन मजल्यांच्या मधे अडकलं की फोन यायचा तो टिपणकाकांच्या ऑफिसात. ऑफिस चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीची लिफ्ट कायमची बंद. ती दुसऱ्या कंपनीची असल्यामुळे तिला हात लावायची सोय नव्हती. अशा ऑफिसात एका सोमवारी धाकट्या साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. थोरले साहेब कोणी पाहिले नव्हते, पण यांना धाकटे म्हणायचा प्रघात होता.

"काका, मोठं काम आहे. ऑफिस बंद करायचं."

"रंगकामासाठी?" काकांनी विचारलं.

"कायमचं. सगळ्यांनी घरून काम करायचं. फोन काय, घरीही वाजतोच. पण वरच्यांना कागद लागतो. खात्यात अठरा माणसं आहेत. प्रत्येकाची मुलाखत घ्या, घरून काम करायला काय काय लागेल ते काढा. तुमचा कागद नीट झाला की पुढच्या महिन्यात कुलूप."

"होईल," असं टिपणकाका म्हणाले, कारण सव्वीस वर्षांत त्यांच्या तोंडून दुसरा शब्द कधी निघालाच नव्हता. मग ते जागेवर येऊन बसले आणि उघडलेली वही त्यांनी तशीच मिटून टाकली.

त्याचं कारण सांगायला हवं. बायको जाऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. शनिवारी दुपारी ऑफिसातून निघाल्यापासून सोमवारी सकाळी परत येईपर्यंत त्यांच्या तोंडून जे काय शब्द निघत ते "अर्धा लिटर" एवढेच. ते दूधवाल्याला. उरलेल्या आठवड्याचं बोलणं ऑफिसात व्हायचं. त्यातही संध्याकाळी सहाला खाली उतरताना ते दारावरच्या पहारेकऱ्याला "येतो" म्हणायचे आणि तो वर न बघता "या" म्हणायचा. एवढं ऐकलं की त्यांना घरी जाता यायचं. आता ज्या फांदीवर बसायचं ती तर तोडायचीच, वर कुऱ्हाड कशी हवी याची यादीही आपणच करायची, असा प्रकार होता.

पण काम ते काम. टिपणकाकांच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांचे स्वतःचे नियम होते. नियम पहिला: विचारणाऱ्याने स्वतःला मोजू नये. त्याचं मत, त्याची गरज, त्याचं सुखदुःख कागदावर येता कामा नये. फॉर्मवर नावाचा रकाना ठेवू नये, म्हणजे लोक मोकळं बोलतात. पुढे असंही होतं की "काही नको" म्हणणाऱ्याला तीनदा विचारावं, कारण खरी गरज तिसऱ्यांदा बाहेर येते. आणि शेवटचा नियम: प्रश्न आधी बाहेरच्या एखाद्या माणसावर वापरून पाहावेत, मगच खऱ्या माणसाला विचारावेत.

या शेवटच्या नियमापाशी घोडं अडलं. बाहेरचा माणूस आणायचा कुठून?

घराच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहत. काका फॉर्म घेऊन त्यांच्याकडे गेले. हेडमास्तरांनी चष्मा लावला, लाल पेन उघडलं आणि उत्तरं द्यायचं सोडून प्रश्नच तपासायला घेतले. "दुसरा प्रश्न संदिग्ध आहे. तिसऱ्यात दोन प्रश्न एकत्र केलेत. अक्षर बरं आहे." शेवटी त्यांनी वर कोपऱ्यात दहापैकी चार लिहिलं, त्याभोवती गोल केला आणि "पालकांची सही घेऊन या" असं सवयीने म्हणून गेले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाने ते मुकाट्याने ऐकून घेतलं.

मग त्यांनी ताईला फोन लावला. ताई म्हणजे थोरली बहीण, दुसऱ्या गावी राहणारी.

"ताई, प्रश्न पहिला. घरून काम करताना तुम्हाला कोणत्या वस्तूंची गरज भासेल?"

"मला तुम्ही काय म्हणतोस रे? जेवलास का?"

"जेवलो. प्रश्न दुसरा. दिवसातल्या कोणत्या वेळी..."

"काय जेवलास?"

तिथून पुढे मुलाखत ताईनेच घेतली. वीस मिनिटांत तिने त्यांचं जेवण, झोप, गुडघा आणि फ्रीजमधल्या भाज्या यांची सगळी माहिती काढली. प्रश्न विचारायचं हे वळण तिच्याकडून आपल्याकडे आलं आहे, हे काकांना त्या दिवशी कळलं.

राहता राहिले ते स्वतः. रविवारी सकाळी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या. उत्तर देणाऱ्याला आधी चहा द्यावा म्हणजे तो सैल होतो, म्हणून दोन कप चहा केला. फॉर्मवर लिहिलं: वार, रविवार. ठिकाण, स्वयंपाकघर. मग एका खुर्चीत बसून प्रश्न विचारायचा, उठून दुसऱ्या खुर्चीत बसून उत्तर द्यायचं, परत येऊन ते लिहायचं, असा क्रम सुरू झाला. गुडघ्याचं जे व्हायचं ते झालं, पण दोन प्रश्न छान पार पडले. टेबल हवं, दिवा हवा, पाठीला उशी हवी.

प्रश्न तिसरा होता, "ऑफिसात मिळणारी आणि घरी मिळणार नाही अशी कोणती गोष्ट तुम्हाला लागेल?"

उत्तर देणारा गप्प बसला. तो गप्प बसला की विचारणाऱ्यानेही गप्प बसावं, अशी पद्धत आहे, म्हणून काका दोन्हीकडून गप्प बसले. चहा निवला. मग ते उठले, पहिल्या खुर्चीत आले आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहून टाकलं.

तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या वहिनी होत्या.

"बोलण्याचा आवाज आला म्हणून म्हटलं बघावं. पाहुणे आलेत वाटतं?" त्यांनी मान लांबवून टेबलाकडे पाहिलं. दोन कप, दोन खुर्च्या.

"ऑफिसचे एक जण आले होते," काका म्हणाले.

"गेले पण? जिन्यात नाही दिसले कोणी."

"घाईत होते," काका म्हणाले आणि दोन्ही कप उचलून विसळायला घेतले. वहिनी वर गेल्या. काकांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी तो फॉर्म कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्याखाली घातला आणि गठ्ठा पिशवीत टाकला. पुढचं सगळं रामायण त्या गठ्ठ्याने केलं, पण ते नंतर.

आता अठरा मुलाखतींना खोली हवी. ऑफिसात एक बैठकीची खोली होती आणि तिची नोंदणी एका रजिस्टरवर व्हायची. रजिस्टरात "कारण" या रकान्यात तीनच गोष्टी लिहायची परवानगी होती: बैठक, प्रशिक्षण किंवा चौकशी. बैठकीला निदान चार माणसं लागत. प्रशिक्षणाला प्रमाणपत्र द्यावं लागे. एका माणसासाठी खोली फक्त चौकशीला मिळायची. टिपणकाकांनी नियमाला धरून अठरा वेळा "चौकशी" असं लिहिलं आणि शेजारी अठरा जणांचे हुद्दे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सुतक पडल्यासारखी शांतता होती. फोनवरच्या बाई पहिल्या आत आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "त्या दिवशी मी फोन उचलला नाही हे खरं आहे. पण तो माणूस अडकला होता पहिल्या मजल्यावर. उडी मारली असती तरी चाललं असतं." दुसरा आला तो कोठीवरचा कारकून. त्याने लेखी जबाबच आणला होता. त्यात त्याने ऑफिसच्या दोन कुंड्या आणि एक भिंतीवरचं घड्याळ घरी नेल्याचं कबूल करून शेवटी आईच्या आजारपणाचा दाखला दिला होता. थोरल्या मेकॅनिकने तर सोबत साक्षीदार आणला. "मी काही केलेलं नाही, आणि केलं असेल तर हा पण होता," असं त्याचं म्हणणं.

हे सगळं निस्तरायला काकांना दोन दिवस लागले. घड्याळ परत आलं, कुंड्या सुकल्या होत्या. आपण दोष काढत नाही, गरजा काढतो आहोत, हे एकेकाला पटवून दिल्यावर मात्र लोक जे बोलायला लागले ते थांबेनात. सगळ्यांना आनंदच झाला होता. फोनवरच्या बाईंना चार मजले चढायचे नव्हते. त्यांना फक्त आतून कडी लागणारी एक खोली हवी होती, घरात सहा माणसं होती म्हणून. कोठीवरच्या कारकुनाला दुपारी तासभर आडवं व्हायचं होतं. रवानगी बघणाऱ्या तरुणाला, ज्याचं लग्न जमत नव्हतं म्हणून सगळे त्याला नवरदेव म्हणत, त्याला पायजम्यावर बसून काम करायचं होतं. थोरल्या मेकॅनिकला कोणावर तरी ओरडता यायला हवं होतं, पण ते घरी मुबलक होतं.

एकदाच काकांचा पाय घसरला. नवरदेवाला त्यांनी फॉर्मवर नसलेला प्रश्न विचारला. "पण ऑफिसची आठवण येईल ना हो तुम्हाला?"

"कशाची?" नवरदेव मनापासून बुचकळ्यात पडला. "जिन्याची?"

काकांनी मान हलवली. उत्तर तोंडात घालणारा प्रश्न विचारल्याबद्दल त्यांनी वहीत स्वतःला एक फुली मारली.

अठराव्या टायपिस्ट बाई. टाइपरायटर जाऊन पंधरा वर्षं झाली तरी हुद्दा तोच होता. काकांचं सगळं हस्तलिखित संगणकावर त्याच उतरवायच्या. इतक्या वर्षांत दोघांमधलं संभाषण म्हणजे "किती प्रती?" आणि "दोन." त्या आल्या तेव्हा पावणेसहा वाजले होते आणि काकांना सहाचं "येतो" चुकवायचं नव्हतं.

"घरून काम करताना काय लागेल?"

"काही नको."

"ऑफिसातली कोणती गोष्ट लागेल?"

"काही नको," त्या म्हणाल्या, आणि जरा थांबल्या.

काकांनी "काही नको" असं दोनदा लिहिलं, फॉर्म गठ्ठ्यावर ठेवला आणि गठ्ठाच त्यांच्या हातात दिला. "उद्यापर्यंत होईल?"

"किती प्रती?"

"दोन."

शुक्रवारी सगळं खातं बैठकीच्या खोलीत जमलं. या वेळी रजिस्टरात खरोखर "बैठक" असं लिहिलं होतं. धाकट्या साहेबांपुढे टाइप केलेले फॉर्म होते. ते एकेक चाळत, "छान, छान" म्हणत शेवटाला आले आणि थबकले.

"काका, खात्यात माणसं अठरा. हे फॉर्म एकोणीस कसे?"

टिपणकाकांना एकदम आठवलं. कोऱ्या गठ्ठ्याखालचा तो कागद! भरलेले फॉर्म त्याच गठ्ठ्यावर ठेवत गेले, मधले कोरे वापरून संपले, आणि तळाला उरलेला तो रविवार तसाच टायपिंगला गेला होता.

"वाचतो," साहेब म्हणाले. "टेबल. दिवा. उशी. ठीक. प्रश्न तिसरा, ऑफिसातली कोणती गोष्ट लागेल? उत्तर." त्यांनी घसा साफ केला. "'संध्याकाळी येतो म्हटल्यावर या म्हणणारं कोणीतरी.'"

मग थोरला मेकॅनिक फस्सकन हसला आणि सगळे सुटले.

"नवरदेवा, तूच रे! दोनदा मुलाखत दिलीस का?"

"आईशप्पथ मी नाही!" नवरदेव कानापर्यंत लाल झाला.

"अहो, 'या' म्हणणारं कोणीतरी म्हणे! स्थळ बघा याला लवकर!"

"घरून काम, आणि घरीच येतो म्हणायचं? जायचं कुठे, बाल्कनीत?"

फोनवरच्या बाईंनी एकेकाकडे बोट दाखवून माणसं मोजली. अठराच भरली. कोठीवरच्या कारकुनाने पुन्हा मोजली. अठराच. समोर वही धरून एकोणिसावा माणूस बसला होता, तो काही कोणाच्या मोजणीत येत नव्हता. काका हे बघत होते. आधी त्यांना सुटल्यासारखं वाटलं. मग त्यांना फार वाईट वाटलं, आणि दोहोंतलं कुठलं जास्त हे त्यांना तेव्हाही सांगता आलं नसतं.

"काका, तुमचा नियम काय सांगतो?" साहेबांनी विचारलं. "हा धरायचा का?"

सगळे त्यांच्याकडे वळले. तीन शब्दांचं काम होतं: तो माझा आहे. टिपणकाका उभे राहिले. सव्वीस वर्षं पाठीशी उभी होती.

"नियमाप्रमाणे," ते म्हणाले, "माणसं अठरा असतील तर फॉर्म अठराच. जास्तीचा बाद."

साहेबांनी पेनाने त्या कागदावर आडवी रेघ मारली. काका खाली बसले. टायपिस्ट बाई तेवढ्या हसल्या नव्हत्या. त्या खाली मान घालून स्वतःची बोटं बघत होत्या.

काकांचा कागद वरच्यांना इतका आवडला की महिना संपायच्या आतच कुलूप लागलं. शेवटच्या दिवशी खुर्च्या ट्रकमध्ये चढत होत्या. सहा वाजता काका खाली उतरले आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "येतो."

पहारेकऱ्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा वर पाहिलं. "आता कुठे येता," तो म्हणाला. मायेनेच म्हणाला बिचारा, पण "या" म्हणायचं राहिलंच.

घरी येऊन त्यांनी फायली लावायला घेतल्या. बाद झालेला फॉर्मही त्यात होता. तो फाडणार एवढ्यात त्यांचं लक्ष वर गेलं. वार: कोरा. ठिकाण: कोरं. काकांनी आयुष्यात रकाना कोरा सोडला नव्हता. "रविवार" आणि "स्वयंपाकघर" त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. ते शब्द टाइप झाले असते तर त्या शुक्रवारी मोजायची गरजच पडली नसती. खात्यात रविवारी स्वयंपाकघरात बसून फॉर्म भरणारा माणूस एकच होता. ते शब्द कोणीतरी गाळले होते. काकांनी तो कागद फाडला नाही, फाइलीत लावला.

सोमवारी नवी पद्धत सुरू झाली. टिपणकाका नऊ वाजता इस्त्रीची विजार, बूट घालून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. टेबल होतं, दिवा होता, पाठीला उशी होती. दिवसभरात कोणाला काही विचारायचं नव्हतं. दुपारी वरच्या वहिनी जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "मजा आहे बाई तुमची, घरच्या घरी!" काका "हो ना," म्हणाले.

सहा वाजले. त्यांनी संगणक बंद केला, पिशवी उचलली आणि सवयीने फ्रीजपाशी थांबून म्हणाले, "येतो."

फ्रीज आपला घरघरत राहिला. काकांना हसू आलं आणि हसता हसता ते रडायला लागले. तीन वर्षांत ते असे उभ्या उभ्या कधी रडले नव्हते. तेवढ्यात फोन वाजला.

"मी टायपिस्ट," पलीकडून आवाज आला.

"बोला. किती प्रती?" काका घाईने डोळे पुसत म्हणाले. दुसरं काय बोलायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

"सहा वाजून गेले."

"हो."

"मग? म्हणा की."

फोनमधून दुसऱ्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं, आणि त्या घरात घड्याळाशिवाय दुसरा आवाज नव्हता.

"येतो," टिपणकाका म्हणाले.

"या."

दोघांनाही फोन ठेवायचं सुचलं नाही. शेवटी बाईच म्हणाल्या, "उद्या मी म्हणते. तुम्ही या म्हणा."

फोन ठेवल्यावर काकांनी फाइल काढली. अठरावा फॉर्म वर आला. काही नको. काही नको. तीनदा विचारायचं असतं, आणि त्यांनी दोनदाच विचारून त्या बाईंना उठवलं होतं. सहा वाजत होते म्हणून. त्यांनी बूट काढले नाहीत, दिवा लावला आणि दुसऱ्या दिवशी सहाला काय विचारायचं तो प्रश्न नीट अक्षरात लिहायला घेतला.